श्वानसाक्ष : जुन्या मानवी अवशेषांच्या शोधाचें एक नवें साधन व त्याची कसोटी

(१)

ऋग्वेदांतील सरमेची कथा वाचकांस विदित आहेच. पणींनीं गाई पळवून डोंगराच्या पोटांत दडविल्या, आणि इंद्राच्या त्या शुनीनें माग काढीत जाऊन त्यांचें ठिकाण दाखविलें. परंतु खडक फोडून गाई बाहेर काढण्याचें काम सरमेचें नव्हतें. तें तिच्या मागून आलेल्यांनीं केलें. दाखविणारा एक व सिद्ध करणारा दुसरा, हा भेद इतक्या जुन्या कथेंतहि स्पष्ट आहे. गेल्या कांहीं वर्षांत परदेशांतील पुराणवस्तुसंशोधनांत सरमेच्या वंशजांचा जो प्रवेश झाला आहे, त्याचा विचार करतांना हा भेद पदोपदीं स्मरावा लागतो. म्हणून आरंभींच त्याचा उल्लेख केला.

प्रस्तुत परीक्षणास निमित्त झालेला निबंध क्रोएशियांतील झादर विद्यापीठाच्या पुरातत्त्वविदुषी वेद्राना ग्लावाश व श्वानशिक्षिका आंद्रेआ पिंतार या दोघींनीं लिहिलेला आहे. 'पुरातत्त्वांतील शोधाची एक नवी पद्धति म्हणून मानवी अवशेष शोधणारे श्वान' अशा अर्थाच्या मथळ्यानें तो 'जर्नल ऑफ आर्किऑलॉजिकल मेथड अँड थिअरी' या इंग्रजी नियतकालिकाच्या २६ व्या खंडांत, २०१९ सालीं, छापला गेला. शेंकडों किंवा हजारों वर्षांपूर्वीं पुरलेल्या मनुष्याच्या अवशेषांचा वास शिकविलेल्या कुत्र्यास येतो काय, आणि येत असल्यास इतिहाससंशोधकानें त्या इशाऱ्याची पुरावा म्हणून किती किंमत करावी, असे दोन प्रश्न त्यांतून उपस्थित होतात. पहिल्याचें उत्तर निबंधकर्त्यांनीं आपल्या परीनें दिलें आहे. दुसऱ्याचें उत्तर आपणांस आपल्याच भूमीवर उभें राहून शोधावें लागेल.

आम्ही हें टिपण पनवेल येथें बसून लिहीत आहों, आणि हा विषय आम्हांस दूरचा वाटत नाहीं. निबंधाचा गोषवारा आम्हीं येथील कांहीं संग्राहक मित्रांस वाचून दाखविला, तेव्हां एकानें तत्काळ विचारलें, "मग असा कुत्रा आणून वादांतल्या समाध्यांवर कां फिरवूं नये? वर्षानुवर्षांचा तंटा एका दिवसांत मिटेल." या प्रश्नांतील आशा फार मोहक आहे, व तितकीच घातक आहे. तंटे मिटविण्याचें सामर्थ्य या साधनांत नाहीं; आणि जें सामर्थ्य त्यांत खरोखर आहे, त्याची पनवेलसारख्या ठिकाणीं आज निकड आहे. एवढेंच आम्हांस या लेखांत दाखवावयाचें आहे.

(२)

प्रथम निबंधांतील हकीकत. क्रोएशियाच्या किनाऱ्यालगत वेलेबित नांवाचा चुनखडीचा डोंगर आहे. त्याच्या उतारावर, कार्लोबाग गांवानजीक, द्रविशित्सा येथें एक प्रागैतिहासिक दुर्गवस्ती होती. तेथील लोक आपले मृत दगडी पेट्यांत ठेवीत व भोंवतीं सुक्या दगडांचें वर्तुळ रचीत. हीं थडगीं इ. स. पूर्व आठव्या शतकाच्या सुमाराचीं, म्हणजे सुमारें पावणेतीन हजार वर्षांचीं आहेत. २०१५ सालीं ग्लावाशबाईंनीं पिंतारबाईंस त्यांच्या श्वानांसह तेथें बोलाविलें. त्यांपैकीं तीन थडगीं आधींच उघडून झालीं होतीं. परंतु तीं कोठें आहेत हें श्वान घेऊन येणारांस सांगितलें नव्हतें. श्वानांनीं तीं ठिकाणें दाखविलीं. पुढें, जेथें थडगें आहे असें कोणासच ठाऊक नव्हतें, अशा एका जागीं एका श्वानानें खूण केली. मागाहून दुसरा श्वान स्वतंत्रपणें आणला असतां त्यानेंहि तीच जागा दाखविली. खणल्यावर दगडी पेटी लागली, आणि तींत हातापायांच्या बोटांचीं लहान हाडें मिळालीं.

या हकीकतींतील तीन गोष्टी प्रशंसनीय आहेत. श्वानाचा शिक्षक अज्ञानांत ठेवला, ही पहिली. एका श्वानाची खूण दुसऱ्यानें, पहिल्याची न पाहतां, पडताळली, ही दुसरी. आणि शेवटचा निर्णय नाकावर न सोडतां कुदळीवर सोडला, ही तिसरी. यांपैकीं एकहि गोष्ट गाळली असती, तर निबंधाची किंमत एखाद्या चमत्कारिक वार्तेहून अधिक राहिली नसती.

(३)

श्वान नेमकें काय करतो, हें समजल्याखेरीज टीका करणें बरें नव्हे. शोधकार्यांतील श्वानांचे चार प्रकार आहेत, आणि सामान्य वाचक त्यांची गल्लत करतो. पोलिसांचा माग काढणारा श्वान एका विशिष्ट व्यक्तीच्या वासाचा पाठलाग करतो. बचावकार्यांतील श्वान ढिगाऱ्याखालचा जिवंत मनुष्य शोधतो. शवशोधक श्वानास अलीकडे मृत झालेल्या देहाचा वास शिकवितात. केरळ पोलिसांचे असे श्वान २०२४ सालीं वायनाडच्या दरडींत व २०२५ सालीं तेलंगणांतील कोसळलेल्या बोगद्यांत नेले होते. चौथा प्रकार आपल्या विषयाचा. त्यास केवळ जुनीं हाडें, दांत व थडग्यांतील माती यांवर तयार करतात. कॅलिफोर्नियांतील 'इन्स्टिट्यूट फॉर कॅनाइन फॉरेन्सिक्स' ही संस्था हें काम विशेषेंकरून करते.

जुन्या अवशेषांचा वास अत्यंत क्षीण असल्यामुळें या श्वानाची चाल संथ असते. तो जमिनीलगत नाक धरून ओळीओळीनें फिरतो. ठिकाण सांपडल्यावर तो भुंकत नाहीं, उकरीत नाहीं. नुसता बसतो किंवा आडवा होतो. मृतदेह कुजतांना निघणारीं चारशेंहून अधिक बाष्परूप द्रव्यें रसायनज्ञांनीं नोंदलीं आहेत. तीं मातींत मुरतात व दीर्घकाळ थोडथोडीं वर येत राहतात. तीं थेट वरच येतात असें मात्र नाहीं. पाणी तीं उताराकडे वाहून नेतें, झाडांचीं मुळें तीं शोषतात, उंदरांच्या बिळांतून व जमिनीच्या भेगांतून तीं भलतीकडे निघतात. म्हणून श्वान जेथें बसला तेथेंच खालीं थडगें असेल असें नव्हे. तें कांहीं हात अलीकडे किंवा पलीकडे असूं शकतें. हा मुद्दा उत्खननापूर्वीं ध्यानांत न ठेवल्यास 'श्वान चुकला' असा उगाच बोभाटा होतो.

तिसऱ्या व चौथ्या प्रकारांतील अंतर काळाचें आहे, आणि तें अंतर कसें भरत जातें याचें उदाहरण आमच्या डोळ्यांसमोर आहे. पनवेलहून पूर्वेस पाहिलें असतां प्रबळगडाचा डोंगर दिसतो. त्याच्या पलीकडे इरशाळगड आहे. १९ जुलै २०२३ च्या रात्रीं या गडाखालील इरशाळवाडीवर दरड कोसळली. शोधपथकें श्वानांसह वर चढलीं. सत्तावीस देह मिळाले, सत्तावन्न माणसें सांपडलीं नाहींत, आणि २३ जुलै रोजीं शोध थांबविण्यांत आला. आज तें ठिकाण शोकाचें आहे. शंभर-दोनशें वर्षांनीं एखादा संशोधक तेथें येईल, तेव्हां तें इतिहासाचें होईल. आणि खालीं कोण निजलें आहे हें त्यास सरकारी याद्या व आप्तांच्या आठवणी टिकल्या असतील तरच कळेल. कुत्रा त्यास एवढेंच सांगेल कीं, येथें मनुष्य आहे.

(४)

आतां आक्षेपांकडे वळूं. पहिला आक्षेप श्वानावर नसून त्याच्या मागें दोरी धरून चालणाऱ्यावर आहे. बर्लिनमध्यें हान्स नांवाचा एक घोडा गणितें सोडवितो अशी ख्याति होती. १९०७ सालीं ऑस्कार फुंग्स्ट यानें दाखवून दिलें कीं, प्रश्न विचारणाराच्या नकळत होणाऱ्या हालचालींवरून घोडा उत्तर ओळखीत असे. विचारणारासच उत्तर ठाऊक नसलें म्हणजे घोडाहि गोंधळे. लबाडी कोणाचीच नव्हती, आणि म्हणूनच ती फसगत इतकी दिवस टिकली.

श्वानांच्या बाबतींत याच जातीचा एक प्रयोग २०११ सालीं कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनीं प्रसिद्ध केला. अंमली पदार्थ व स्फोटकें हुडकणाऱ्या श्वानांच्या अठरा जोड्या, म्हणजे श्वान व त्याचा शिक्षक, एका चर्चच्या इमारतींत सोडल्या. त्या इमारतींत शोधण्यासारखें कांहींच ठेवलेलें नव्हतें. परंतु कांहीं जागीं कागदाची खूण असून तेथें माल आहे, असें शिक्षकांस सांगितलें होतें. एकशें चव्वेचाळीस फेऱ्यांपैकीं केवळ एकवीस फेऱ्या निर्दोष झाल्या; एकूण दोनशें पंचवीस खोट्या खुणा नोंदल्या गेल्या. हे श्वान जुन्या हाडांवर शिकविलेले नव्हते, म्हणून हे आंकडे जसेच्या तसे आपल्या विषयास लावणें अन्यायाचें होईल. पण शिक्षकाचा विश्वास खुणेंत उतरतो, हें तत्त्व सर्वांस लागू आहे. ज्या जागेवर अमक्या वीराची समाधि आहे असें गांवांतील पोरहि सांगतें, तेथें श्वान नेऊन त्याची साक्ष काढणें म्हणजे साक्षीदारास उत्तर पढवून उभें करणें होय.

आपल्या न्यायालयांनीं हा प्रश्न इतिहाससंशोधकांच्या आधींच तपासला आहे. महाराष्ट्रांतील एका खटल्याच्या अपिलांत सर्वोच्च न्यायालयानें १९६९ सालीं माग काढणाऱ्या श्वानाच्या पुराव्याचा ऊहापोह केला. श्वानास पिंजऱ्यांत उभें करून शपथ देतां येत नाहीं व त्याची उलटतपासणीहि होत नाहीं. त्याचें म्हणणें त्याचा मनुष्यसोबती सांगतो, आणि तें ऐकीव पुराव्यासारखें होतें. मनुष्याचें स्वातंत्र्य श्वानाच्या अनुमानावर टांगूं नये, अशा आक्षेपांचा तेथें विचार झाला, आणि या पुराव्यास फारसें वजन देण्यांत आलें नाहीं. एका जिवंत आरोपीविषयीं जी सावधगिरी न्यायालय बाळगतें, ती मृतांविषयीं व त्यांच्या कीर्तीविषयीं आपण कां बाळगूं नये?

(५)

दुसरा आक्षेप साधनाच्या मर्यादेविषयीं आहे, आणि तो पहिल्याहून गंभीर आहे. श्वानाची खूण पूर्णतः खरी मानली, तरी तिचा अर्थ 'मनुष्य' एवढाच आहे. कोण, केव्हांचा, कोणत्या जातीचा वा धर्माचा, राजा कीं रंक, यांतील एकाहि प्रश्नास ती स्पर्श करीत नाहीं.

याचें प्रसिद्ध उदाहरण प्रशांत महासागरांतील निकुमारोरो बेटाचें आहे. अमेलिया इअरहार्ट ही अमेरिकन वैमानिका जुलै १९३७ मध्यें त्या भागांत नाहींशी झाली. १९४० सालीं या बेटावर कांहीं मानवी हाडें मिळालीं. तीं फिजी येथें पाठविलीं, तेथें एका वैद्यानें १९४१ सालीं तीं मोजून टिपण केलें, आणि पुढें तीं हाडें गहाळ झालीं. २०१७ सालीं चार शिक्षित श्वान या बेटावर नेण्यांत आले व त्यांनीं एका झाडाजवळ खुणा केल्या. खणून हाड मिळालें नाहीं. तेथील माती तपासास पाठविली, पण तीवरूनहि कोणाची ओळख पटली नाहीं. उलट २०१८ सालीं रिचर्ड जँट्झ या शरीरास्थितज्ज्ञानें त्या जुन्या टिपणांतील मापें घेऊन, तीं हाडें इअरहार्टचीं असण्याचा संभव बराच आहे, असा पक्ष मांडला. तो पक्ष सर्वमान्य नाहीं. पण वाचकांनीं एवढें पाहावें कीं, हाडें गेलीं, श्वान परतले, आणि जो कांहीं वाद चालू राहिला तो एका वैद्याच्या कागदावर चालू राहिला. कागद जमविणाऱ्यांस याहून मोठा दिलासा कोणता?

समाधींविषयीं आपल्या लोकांचें मन किती हळवें आहे, तें रायगडाच्या उदाहरणावरून दिसतें. शिवसमाधीजवळ वाघ्या श्वानाचा पुतळा १९३६ सालीं उभारला गेला. महाराजांच्या चितेंत उडी घेणाऱ्या इमानी कुत्र्याची ती कथा कोणत्याहि समकालीन कागदांत नाहीं. तरीहि तिनें पाषाणाचें रूप घेतलें. २०११ सालीं तो पुतळा कांहीं जणांनीं काढला व पुन्हां बसविण्यांत आला. २०२५ सालीं तो हलवावा अशी मागणी पुनः उठली व तिला विरोधहि झाला. या वादाचा निर्णय आम्ही येथें करीत नाहीं. कुत्र्याच्या इमानावर विश्वास ठेवण्याची आपली हौस पुराव्याच्या किती पुढें धांवते, एवढेंच त्यावरून घ्यावें. एका श्वानाच्या कथेनें नव्वद वर्षें झगडा चालविला. तेथें दुसऱ्या श्वानाच्या नाकानें दुसरा झगडा मिटेल, अशी आशा कशी करावी?

(६)

तिसरा आक्षेप आम्हांस स्वतःस फार दिवस अडवून बसला आहे. जेथें खणणें शक्य आहे, तेथें श्वानाची खूण पडताळतां येते. पण तेथें श्वानावांचूनहि काम चालतें. जेथें खणणें निषिद्ध आहे, तेथें श्वान खरोखर उपयोगी. पण तेथें त्याची परीक्षा होत नाहीं.

आमच्या जिल्ह्यांतील उदाहरण घेऊं. अलिबागेच्या उत्तरेस किनाऱ्यावर नवगांव आहे. बेने इस्रायल, ज्यांस कोंकणांत शनवार तेली म्हणत, त्यांची परंपरा अशी कीं, त्यांच्या पूर्वजांचें गलबत येथें फुटलें. सात पुरुष व सात स्त्रिया वांचल्या. बुडालेल्यांचे देह किनाऱ्यास लागले, ते नवगांवीं पुरले. ती जागा त्या समाजास पूज्य असून तेथें स्मारक उभारलें आहे. पनवेलचें या समाजाशीं नातें जुनें आहे. येथील बेथ एल हें प्रार्थनामंदिर १८४९ सालचें आहे. हाईम सॅम्युएल केहिमकर यांनीं आपल्या समाजाचा इतिहास १८९७ च्या सुमारास लिहून ठेविला व तो १९३७ सालीं तेल अवीव येथें छापला गेला. त्यांत हें आगमन इ. स. पूर्व दुसऱ्या शतकांत नेलें आहे. उलट २०१६ सालीं प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासांत या समाजांतील यहुदी व भारतीय वंशांचा संकर एकोणीस ते तेहतीस पिढ्यांपूर्वींचा ठरविला आहे. संकराचा काळ व आगमनाचा काळ एकच असला पाहिजे असें नाहीं. तथापि परंपरा व प्रयोग यांत हजार वर्षांहून अधिक अंतर पडतें, हें खरें.

आतां समजा, नवगांवीं श्वान नेला आणि तो बसला. काय सिद्ध झालें? तेथें माणसें पुरलीं आहेत, हें त्या समाजास पूर्वींच ठाऊक आहे. तीं एकाच दिवशीं बुडालेलीं कीं पिढ्यान्‌पिढ्या पुरलेलीं, दोन हजार वर्षांपूर्वींचीं कीं तीनशें, हें श्वान सांगत नाहीं. तें सांगण्यास हाड काढून कार्बनमापन करावें लागेल. आणि यहुदी धर्मशास्त्र थडगें उकरण्यास सामान्यतः मनाई करतें. आमच्या मतें ती मनाई संशोधकानें मनापासून मानिली पाहिजे. परक्याच्या पितरांची झोंप मोडून मिळविलेल्या सनावळीचा आम्हांस लोभ नाहीं. मग श्वान समजा बसला नाहीं, तर? तर परंपरा खोटी ठरली काय? मुळींच नाहीं. समुद्राची खारी हवा, वाळू व पावसाळी पाणी यांनीं वास केव्हांच धुवून नेला असेल. श्वानाचें मौन हा नकार नव्हे. कागदांतील मौनाप्रमाणेंच त्यासहि जपून वाचावें लागतें.

(७)

येथें भूमीचा विचार आला. वेलेबितचा चुनखडक हाडांस मानवतो. कोंकणची जांभ्याची आम्ल माती हाडांस खाऊन टाकते. त्यांतून पनवेलीस वर्षास सुमारें तीन हजार मिलिमीटर पाऊस. हाड विरघळल्यावरहि मातींत वास राहत असेल, तर हें साधन आपल्याकडे इतरांहून अधिक मोलाचें ठरेल. राहत नसेल, तर निरुपयोगी ठरेल. यांतील कोणतें खरें, हें परदेशच्या निबंधावरून कळणार नाहीं.

दहनाचा प्रश्नहि आहे. आपल्याकडे बहुसंख्यांचें दहन होतें; परंतु संन्यासी, गोसावी, लिंगायत व लहान मुलें यांस पुरण्याची चाल आहे, आणि मुसलमान, ख्रिस्ती व यहुदी यांचीं दफनस्थानें गांवोगांवीं आहेत. शिवाय दहनानें सर्व मार्ग बंद होतात असेंहि नाहीं. २०१७ च्या आगींनंतर कॅलिफोर्नियांत, जळालेल्या घरांत ठेवलेल्या आप्तांच्या रक्षा अशा श्वानांनीं राखेच्या ढिगांतून शोधून दिल्या. राखेंतली राख ओळखणारें नाक आपल्या समाध्यांच्या अभ्यासास सर्वथा निरर्थक आहे, असें म्हणवत नाहीं.

म्हणून आधीं चांचणी ठाऊक असलेल्या जागीं व्हावी. पुणें जिल्ह्यांत घोडनदीकांठीं इनामगांव आहे. डेक्कन कॉलेजनें १९६८ ते १९८३ पर्यंत तेथें उत्खनन केलें. ताम्रपाषाणयुगांतील त्या वस्तींत घरांच्या जमिनीखालीं दोनशेंहून अधिक दफनें मिळालीं. मुलांस मातीच्या कुंभांत ठेवीत, आणि मोठ्या माणसांचे पाय घोट्यापासून तोडून पुरीत. त्यांचें मोजमाप, नकाशे व अहवाल छापलेले आहेत. अशा जागीं, नकाशा न पाहिलेल्या शिक्षकासह, श्वान फिरवावा. कोठें बसला हें जसें लिहावें तसें कोठें बसला नाहीं हेंहि लिहावें. आणि मग नकाशा उघडावा. या परीक्षेंत जो उतरेल त्यासच कोंकणांत आणावें.

(८)

इतकें सर्व वजा केल्यावर उरतें काय? आमच्या मतें पुष्कळ उरतें. श्वान मृतांस धक्का न लावतां 'येथें थांबा' असें सांगूं शकतो, आणि पनवेल तालुक्यास आज असें सांगणाऱ्याची गरज आहे. नव्या विमानतळासाठीं सुमारें अकराशें साठ हेक्टर भूमि घेतली गेली, दहा गांवें उठलीं, उलव्याची टेकडी कापली गेली, आणि ८ ऑक्टोबर २०२५ रोजीं त्या विमानतळाचें उद्घाटन झालें. त्याच्या भोंवतीं रस्ते व वसाहती वाढत आहेत. गांव उठतें तेव्हां घरांची, झाडांची, विहिरींची मोजणी होते, कारण त्यांचे मालक पुढें येतात. ज्याचा वंश नष्ट झाला त्याच्या निनांवी थडग्यासाठीं कोण पुढें येणार? शेताच्या बांधावरील दगड हलला कीं तें थडगें नाहींसें होतें.

अशा भूमीवर यंत्र फिरण्यापूर्वीं श्वान फिरला, तर त्याच्या खुणेस पुराव्याचें सर्व वजन असण्याची आवश्यकता नाहीं. संशय पुरेसा आहे. खूण खोटी निघाली तर रस्ता दोन हात सरकेल, एवढेंच नुकसान. खरी निघाली तर एक दफनभूमि वांचेल. समाधि कोणाची हें ठरवितांना खोट्या खुणेची किंमत इतिहासास द्यावी लागते. दफनभूमि राखतांना ती किंमत नगण्य असते. साधन एकच असून कामाप्रमाणें त्याची योग्यता कशी पालटते, हें यावरून स्पष्ट व्हावें.

मात्र तेथेंहि शिस्त हवी. श्वान किमान दोन असावे व एकानें दुसऱ्याची खूण पाहूं नये. शिक्षकास स्थानिक दंतकथा सांगूं नये. दिवस, वेळ, वारा, जमिनीची ओल व प्रत्येक खूण यांचा जागेवरच पंचनामा व्हावा, आणि मौनाचीहि नोंद व्हावी. पुढें भूभेदी रडारसारख्या न खणणाऱ्या दुसऱ्या साधनानें पडताळा घ्यावा. उत्खनन करावयाचेंच झाल्यास १९५८ च्या कायद्यान्वयें रीतसर परवाना व मृतांच्या समाजाची संमति, दोन्ही असाव्या. आणि श्वानाच्या खुणेवरून कोणत्याहि मृताचें नांव छापूं नये.

(९)

शेवटीं आमच्या संग्राहक बंधूंस एक विनंति. श्वान आल्यानें कागदाची गरज कमी होईल असें कोणास वाटत असेल, तर तो गैरसमज आहे. राजवाड्यांनीं १८९८ सालीं पहिला खंड छापून अस्सल पत्रांचें महत्त्व शिकविलें, त्यास सव्वाशें वर्षें होऊन गेलीं. त्यांची कसोटी या नव्या साक्षीदारासहि लागू आहे. श्वानाची खूण ही बखरीच्या जातीची समजावी: वाट दाखविण्यास उत्तम, निर्णयास अपुरी. कोण व केव्हां, हें कागदच सांगेल. इनामांच्या सनदा, महजर व वाटणीपत्रें यांतील चतुःसीमा आपण बहुधा घाईनें ओलांडतों. नकला करतांना त्या गाळतोंहि. त्या चतुःसीमांत ओढे, विहिरी, वड-पिंपळ व दगड येतात, आणि क्वचित् मसणवट किंवा थडगेंहि येतें. ज्यांच्या दप्तरांत पनवेल, उरण, पेण व अलिबाग या बाजूंचे असे कागद असतील, त्यांनीं त्या ओळी जशाच्या तशा उतरून प्रसिद्ध कराव्या. जमीन पालटून गेली असली, तरी त्या ओळींवरून जुन्या दफनभूमींचा नकाशा कांहीं अंशीं पुन्हां रचतां येईल.

हें काम श्वान येण्यापूर्वींच व्हावयास हवें. आणि तो कधींच आला नाहीं, तरी तें वायां जाणार नाहीं.